महाडीबीटीचा अर्ज: पैसे खात्यात पडेपर्यंत काय काय करायचं

बारावीचा निकाल लागला की आमच्या गल्लीतली पोरं पेढे घेऊन येतात. प्रवेश झाला की तीच पोरं फाईल घेऊन येतात. गेली काही वर्षं मी महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर, त्यांचे अर्ज भरून देतोय. नियमात बसत नाही म्हणून शिष्यवृत्ती गेली, असं मी फार कमी पाहिलं. जाते ती एखाद्या कागदापायी, नाहीतर बँक खात्यापायी.

आधी आपली योजना कोणती ते बघा

अनुसूचित जातीच्या मुलामुलींना भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. पालकांचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत लागतं. त्यापेक्षा जास्त असेल तर फ्रीशिपचा, म्हणजे फीमाफीचा अर्ज करा. खुल्या प्रवर्गातल्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमासाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजना आहे. उत्पन्नाची मर्यादा ८ लाख, आणि निम्मी ट्यूशन फी सरकार भरतं. पण प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतूनच हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला असेल तर विषय तिथेच संपला.

मुलींनी एक लक्षात ठेवा. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. मर्यादा तीच, ८ लाख. डिग्री-डिप्लोमाच्या तांत्रिक शाखांतल्या मुलींसाठी एआयसीटीईची, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची प्रगती शिष्यवृत्तीही आहे, वर्षाला ५०,००० रुपये. तिचा अर्ज केंद्राच्या नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर भरायचा.

मग कागद

उत्पन्नाचा दाखला आधी काढायला टाका. तलाठी, सेतू, तहसील अशी फेरी असते आणि प्रवेशाच्या दिवसांत तिथे झुंबड उडते. दाखल्यावर ‘३१ मार्चपर्यंत वैध’ असं लिहिलेलं असतं, त्यामुळे मागच्या वर्षीचा चालत नाही. बाकी जातीचा दाखला, व्हॅलिडिटी (जात पडताळणीचं प्रमाणपत्र), डोमिसाईल (रहिवासी दाखला), गुणपत्रिका, रेशनकार्ड, कॅपचं अलॉटमेंट लेटर हे सगळं स्कॅन करून ठेवा. मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र लागतं. प्रत्येक फाईल २५६ केबीच्या आत बसवावी लागते. पण ती इतकीही दाबू नका की शिक्का वाचता येणार नाही.

खातं: खरी मेख इथे आहे

पैसे तुम्ही दाखवलेल्या पासबुकात येतात असं सगळे धरून चालतात. ते येतात तुमच्या आधारला जोडलेल्या खात्यात. बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे खातं जोडलं गेलं असंही नाही. आमच्याकडची एक मुलगी चार महिने पासबुक भरून आणत होती आणि दर वेळी शेवटची ओळ तीच. शेवटी कळलं, नवं सिमकार्ड घेताना दुकानदाराने तिच्या अंगठ्यावर मोबाईलमधलं एक खातंही उघडून दिलं होतं. आधार तिकडे जोडलं गेलं आणि पैसेही तिकडेच पडून होते.

म्हणून अर्जाआधी ‘माय आधार’च्या साईटवर जा, ‘बँक सीडिंग स्टेटस’, म्हणजे आधार कोणत्या बँकेला जोडलंय ते बघा. तिथे ज्या बँकेचं नाव दिसेल, पैसे तिथेच येणार. नाव भलतंच असेल तर आपल्या बँकेत जाऊन आधार सीडिंगचा, म्हणजे डीबीटीचा (सरकारी पैसे थेट खात्यात येण्याचा) फॉर्म भरा.

अर्ज

महाडीबीटीवर नोंदणी करताना मोबाईल नंबर स्वतःचाच टाका. सायबर कॅफेवाला घाईत आपला नंबर टाकतो, मग प्रत्येक ओटीपीसाठी त्याच्या दारात उभं राहा. युजर आयडी आणि पासवर्ड वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा.

सबमिट केलं की अर्ज कॉलेजच्या क्लार्ककडे जातो, मग प्राचार्यांकडे, मग सरकारच्या संबंधित विभागाकडे. कुठेही शंका आली की तो ‘सेंड बॅक’ होतो. बहुतेकांची गाडी इथेच अडकते, कारण सबमिट केल्यावर कुणी परत उघडूनच बघत नाही. दर रविवारी एकदा लॉगिन करा. परत आला असेल तर कारण वाचा, नेमका तोच कागद बदला आणि मुदतीच्या आत पुन्हा पाठवा. मंजुरीनंतर ‘रिडीम’चं बटण दिसलं तर तेही दाबायचं असतं.

घर सोडून शिकत असाल तर

सरकारी वसतिगृहात नंबर न लागलेल्या अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. मुंबई-पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६०,०००, विभागीय शहरांत ५१,००० आणि इतर जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,००० रुपये मिळतात. खोलीचा भाडेकरार लागतो, तेव्हा घरमालकाशी हे बोलणं डिपॉझिट देण्याआधीच करून घ्या.