साठेखतानंतर विकणारा फिरला, तर आपली तयारी कशी दाखवायची

साठेखत म्हणजे पुढे खरेदीखत करून देण्याचा करार. तो झाल्यावर जमिनीचा भाव वाढला की विकणारा खरेदीखत टाळू लागतो आणि घेणारा त्याची लबाडी सिद्ध करण्याच्या मागे लागतो. करारपूर्तीचे, म्हणजे ठरल्याप्रमाणे खरेदीखत करून मागणारे, कितीतरी दावे फेटाळले जातात ते मात्र घेणाऱ्याच्याच उणिवेमुळे. विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, 1963 च्या कलम 16 प्रमाणे उरलेली रक्कम देण्याची आपली ऐपत होती आणि इच्छाही होती, हे त्यानेच सिद्ध करायचे असते. 2018 च्या दुरुस्तीनंतरही ही अट कायम आहे.

ऐपत कागदावर दिसते. समजा, 31 मार्चपर्यंत 18 लाख द्यायचे आहेत. मग त्या काळातला खातेउतारा, मुदत ठेवीची पावती किंवा बँकेचे कर्जमंजुरीपत्र जपा. दाव्याच्या आदल्या दिवशी खात्यात आलेली रक्कम उलटतपासणीत टिकत नाही. ‘मेहुणा देणार होता’ हेही चालते, पण मग मेहुण्याचा खातेउतारा आणि साक्ष लागते. पैसे कोर्टात भरण्याची सक्ती नाही. कोर्टाने आदेश दिला तर भरावे लागतात.

इच्छा वागण्यातून दिसते. मुदतीच्या पंधराएक दिवस आधी साठेखतातल्या पत्त्यावर नोंदणीसह स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा: रक्कम तयार आहे, अमुक तारखेला अकरा वाजता दुय्यम निबंधक कार्यालयात या. पाकीट ‘घेण्यास नकार’ शेऱ्यासह परत आले तर फोडू नका, तसेच दाखल करा. ठरल्या दिवशी खरेदीखताचा मसुदा आणि दोन साक्षीदार घेऊन हजर राहा. तो आला नाही, तर दुसऱ्याच दिवशी तसे लेखी कळवा.

नोटिशीत सर्वाधिक घोटाळा होतो तो असा: ‘आधी मोजणी करून द्या, मग पैसे देतो.’ साठेखतात मोजणीची अट नसेल, तर ही तुमची नवी अट ठरते आणि मूळ करार पाळायला तुम्हीच तयार नव्हता, असा बचाव समोरच्याला आयता मिळतो. भाव कमी करून मागणे तर त्याहून वाईट.

करारात तारीख असेल तर तिच्यापासून, नसेल तर नकार कळल्यापासून दाव्याची मुदत 3 वर्षे. पण अडीच वर्षे गप्प बसलेल्याच्या इच्छेवर कोर्टाला शंका येतेच. व्हॉट्सॲपवरचे बोलणे दाखल करायचे असेल, तर भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 चे प्रमाणपत्र जोडा. दावा लावताच लिस पेंडन्सची (या जमिनीवर दावा चालू असल्याची) नोटीसही नोंदवून घ्या, नाहीतर मध्येच तिसऱ्याच्या नावे खरेदीखत होऊन बसते. इसार (साठेखताच्या वेळी दिलेली आगाऊ रक्कम) परत मिळण्याची पर्यायी मागणी दाव्यातच लिहा. न मागता कोर्ट ती देत नाही. राहून गेली असेल, तर दाव्यात दुरुस्ती मागता येते.