डार्ट्सवर पैज लावताय? कुठली पैज म्हणजे नेमकं काय ते आधी बघा

मी इंग्लंडमध्ये राहतो, इथे वय १८ पूर्ण असलं की डार्ट्सवर पैज लावणं कायदेशीर आहे. भारतात मात्र २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर बंदी आहे, त्यामुळे तिकडच्या मंडळींनी हे मॅच समजून घ्यायला म्हणून वाचा, पैसे लावायला नाही.

सगळ्यात आधी फॉरमॅट. ५०१ पासून, मिळालेले गुण वजा करत, खाली शून्यावर यायचं आणि शेवटचा डार्ट डबलवर (बोर्डाच्या कडेची दुप्पट गुणांची बारीक पट्टी) किंवा मधल्या बुलवर लागला पाहिजे, हा झाला एक लेग. लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधल्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला तीन लेग जिंकले की एक सेट आणि फायनलला सात सेट लागतात, पण प्रीमियर लीगमध्ये गुरुवारी रात्री नुसते सहा लेग जिंकले की खेळ खल्लास. छोट्या मॅचमध्ये फेव्हरिट पटकन आपटतो हे डोक्यात ठेवा.

सोपी पैज म्हणजे कोण जिंकणार. फेव्हरिटचा भाव २/५ असेल तर ५ पौंड लावून फायदा फक्त २ पौंड, म्हणून लोक हँडिकॅपकडे वळतात, म्हणजे फेव्हरिटच्या स्कोअरमधून ठरलेले सेट वजा करून मग निकाल बघायचा. वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या २०२५ च्या फायनलला ल्यूक लिटलरने मायकेल व्हॅन गर्वेनला ७-३ हरवलं, म्हणजे चार सेटचा फरक, तेव्हा लिटलर -३.५ सेट ही पैज जिंकली असती. त्याच्या आदल्या वर्षी ल्यूक हम्फ्रीज लिटलरशी ७-४ जिंकला, तिथे हम्फ्रीजवर हीच -३.५ वाली पैज गेली असती, माणूस वर्ल्ड चॅम्पियन झाला तरीसुद्धा! एकूण सेट १०.५ च्या वर की खाली अशीही पैज असते, ७-३ म्हणजे १० सेट म्हणून खाली, ७-४ म्हणजे ११ म्हणून वर. अचूक स्कोअरच्या पैजेला भाव भारी मिळतो पण ती लागणं फार अवघड, मी त्यात पडत नाही.

मला खरी मजा १८० मध्ये वाटते, म्हणजे एका फेरीतले तिन्ही डार्ट ट्रेबल २० मध्ये (२० ची तिप्पट गुणांची पट्टी). जास्त १८० कोण मारणार ही पैज जिंकण्या-हरण्यापासून पूर्ण वेगळी आहे, हरणारासुद्धा जास्त मारू शकतो. माझी एक पैज अशीच गेली, दोघांचे १८० सारखेच झाले आणि बरोबरी हा तिसरा पर्याय होता तो मी नीट वाचलाच नव्हता, तेव्हा तेवढं बघून घ्या. एकूण १८० किती होणार हे लावताना मॅच किती लांबेल ते आधी बघा, लेग जास्त तर १८० जास्त. आणि वर्ल्ड ग्रां प्री असेल तर जरा थांबा, तिथे लेगची सुरुवातसुद्धा डबलने करावी लागते, तो बसेपर्यंत खातंच उघडत नाही, साहजिकच १८० कमी पडतात.

सगळ्यात मोठा चेकआउट, म्हणजे एका फेरीत उरलेले गुण शून्यावर आणून लेग संपवणं, कोणाचा ही पण पैज असते, कमाल १७० चा होतो, दोन ट्रेबल २० आणि बुल. माझ्या मते हा निव्वळ नशिबाचा भाग.

पूर्ण स्पर्धा कोण जिंकणार यावर ईच-वे लावता येतं, पण ५ पौंड ईच-वे म्हणजे खिशातून १० जातात, ५ विजेतेपदावर आणि ५ फायनलपर्यंत पोचण्यावर, दुसऱ्या भागाला भाव बहुतेक ठिकाणी निम्मा मिळतो.

नऊ डार्टात लेग संपवणं, म्हणजे नाइन-डार्टर, यावर पैज लावताना 'मॅचमध्ये होणार' आणि 'अमुक खेळाडू करणार' यातला फरक समजून घ्या. वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या २०२३ च्या फायनलला व्हॅन गर्वेनचे आठ डार्ट परफेक्ट पडले आणि नववा डबल १२ ला चुकला, आणि त्याच लेगमध्ये मायकेल स्मिथने लगेच स्वतःचा नाइन-डार्टर पूर्ण केला! मॅचमध्ये होणार म्हणणाऱ्यांना पैसे मिळाले, व्हॅन गर्वेन करणार म्हणणारे एका डार्टने गेले.

लाइव्ह लावणार असाल तर पहिला थ्रो कोणाचा ते बघत राहा. सेटमध्ये ज्याने सुरुवात केली त्याला पहिला, तिसरा आणि लागलाच तर पाचवा लेग स्वतःच्या थ्रोवर (म्हणजे आधी फेकायला) मिळतो, त्यामुळे २-२ झालं की पारडं त्याच्याकडे झुकतं. आणि तुमच्या स्क्रीनवरचं चित्र काही सेकंद मागे असतं, तुम्हाला डबल बसलेला दिसतो तोवर भाव बदललेला असतो.