गोळी पोटात जाईपर्यंत : टीबी कार्यक्रमात नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

दरवर्षी भरती निघाली की ओळखीतल्या दोन-तीन मुला-मुलींचे फोन येतात. 'ताई, एसटीएसच्या जागा निघाल्यात, भरू का फॉर्म? काम काय असतं?' फोनवर सगळं सांगणं होत नाही, म्हणून एकदा सविस्तर लिहिते आहे. मी २०१४ पासून बीड जिल्ह्यातल्या एका डोंगरपट्ट्यातल्या तालुक्यात हे काम करते. एसटीएस म्हणजे वरिष्ठ क्षयरोग उपचार पर्यवेक्षक. पदवी किंवा स्वच्छता निरीक्षकाचा कोर्स, संगणकाचं प्रमाणपत्र आणि दुचाकीचं लायसन्स मागतात. यातलं लायसन्स सगळ्यात जास्त वापरात येतं. पद कंत्राटी आहे, दरवर्षी नेमणुकीच्या कागदाची वाट बघावी लागते, हे माहीत असू द्या आणि मग ठरवा.

कागदावरचं काम सोपं वाटतं. संशयित रुग्णाची थुंकी तपासून घ्यायची, पॉझिटिव्ह आला तर निक्षय पोर्टलवर, म्हणजे टीबी पेशंटच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत, नोंद करायची, एचआयव्ही आणि शुगर तपासायची, वजन घेऊन गोळ्या सुरू करायच्या, महिन्याच्या महिन्याला पाठपुरावा करायचा. साध्या टीबीला सहा महिने लागतात. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन, एकाच गोळीत एकत्र केलेली. गोळ्या सरकारी केंद्रातून फुकट मिळतात आणि चांगल्या आहेत. त्यांनी माणूस बरा होतो, हे मी डोळ्यांनी शेकडो वेळा पाहिलंय. अडतं ते केंद्रातल्या कपाटापासून पेशंटच्या पोटापर्यंतच्या रस्त्यावर, आणि तो रस्ता तुमचा आहे.

मी लागले तेव्हा गोळ्या आठवड्यातून तीनदा असायच्या आणि प्रत्येक पेशंटच्या नावाचा एक खोका असायचा. २०१५ च्या दिवाळीआधी माझ्याकडे तिशीतला एक पेशंट होता, ऊसतोडीला जाणारा. दोन महिने झाले होते, खोकला थांबला होता, अंगावर मांस धरायला लागलं होतं. टोळी निघायच्या आदल्या दिवशी तो घाईत आला. मी त्याला महिनाभराची पाकिटं दिली, ट्रान्सफरचा फॉर्म हातात दिला आणि सांगितलं, तिकडच्या दवाखान्यात दाखव. रजिस्टरमध्ये 'स्थलांतरित' लिहिलं. पंधरा दिवसांनी फोन लावला तर बंद. पुन्हा दोनदा लावला. मग दुसऱ्या कामांत तो मागे पडला. हे मागे पडणं माझं होतं, दुसऱ्या कोणाचं नाही. एप्रिलमध्ये तो परत आला तेव्हा बायकोने धरून आणला होता. तपासणीत औषधांना दाद न देणारा टीबी निघाला. त्या वेळी त्याचे उपचार दोन वर्षांचे, त्यात सहा महिने इंजेक्शनं. पाचव्या महिन्यात तो गेला. फॉर्म त्याच्या पिशवीत तसाच घडी घातलेला सापडला, असं त्याच्या बायकोने मला सांगितलं.

नवीन लोकांना मी सगळ्यात आधी ही गोष्ट सांगते. पेशंटच्या हातात कागद दिला म्हणजे आपलं काम झालं असं समजू नका.

आमच्याकडे दसरा-दिवाळीच्या सुमाराला गावं रिकामी होतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून उचल घेतलेली, मग कोल्हापूर, सांगली नाहीतर थेट कर्नाटकातले कारखाने. मार्च-एप्रिलपर्यंत मुक्काम कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या तात्पुरत्या झोपडीत. सप्टेंबरात टीबी निघालेल्या माणसाला 'थांब, जाऊ नको' म्हणणं सोपं आहे, पण उचल कोण फेडणार? मी एकदा तसं म्हणून बघितलंय. पेशंट 'हो मॅडम' म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी न सांगता गेला. त्यापेक्षा विचारायचं : कुठला कारखाना, कुठलं गाव, मुकादम कोण. पेशंटचा नंबर बदलतो, रिचार्ज संपतो, मुकादमाचा नंबर बदलत नाही. तो घ्या, पण पेशंटची परवानगी घेऊनच, आणि मुकादमाला आजाराचं नाव सांगू नका. 'दवाखान्यातून बोलतेय, जरा बोलायचंय' एवढं पुरतं.

काही वर्षांपूर्वी एक बाई आली होती, एकोणतीस वर्षांची, दोन लेकरांची आई. तिला मी इथे रुक्मिण म्हणते, हे तिचं खरं नाव नाही. वजन तेहतीस किलो. दोन महिन्यांपासून खोकला आणि संध्याकाळचा ताप. गावातल्या डॉक्टरकडून तीनदा खोकल्याचं औषध आणलेलं. खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला की थुंकी तपासायची, हे तिला सांगितलं आशाताईने, तेही रेशनच्या रांगेत तिचा खोकला ऐकून. ट्रूनॅटवर तपासणी लागली. हे मशीन गोव्यात तयार होतं, लाइट गेली तरी बॅटरीवर चालतं आणि तासाभरात सांगतं की टीबी आहे की नाही. रिफॅम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध लागू पडेल का तेही थोड्या वेळात कळतं. माझ्या सुरुवातीच्या काळात असाच नमुना एसटीने जिल्ह्याला जायचा आणि उत्तराची वाट बघण्यात पेशंटचे दिवस जायचे.

गोळ्या सुरू करून आठवडा झाला आणि मी तिच्या घरी गेले. गृहभेट कशी करायची, हे शिकवणारं प्रशिक्षण मिळतं, पण काही गोष्टी त्यात येत नाहीत. गावात शिरल्यावर पारावर 'टीबीवाल्या बाईचं घर कुठंय' असं विचारलंत, तर त्या बाईचं पाणी भरणं, लेकीचं लग्न, सगळं तुम्ही धोक्यात घातलंत. मी आशाताईला सोबत घेते आणि बाळाच्या लसीकरणाला आल्यासारखी जाते. गाडी लांब लावते. घरात गेल्यावर आधी बसते, पाणी दिलं तर पिते. माझ्या हातात तिच्या घरचा तांब्या बघितला की सासूचा चेहरा बदलतो. त्या घरात तोवर रुक्मिणची ताटली वेगळी ठेवलेली असते. ताटलीने हा आजार पसरत नाही, खोकल्यातून हवेवाटे पसरतो, हे तोंडाने दहा वेळा सांगितलं तरी एवढं पोचत नाही.

गोळ्यांचं पाकीट मागितलं तर चार दिवसांच्या गोळ्या तशाच. नवरा म्हणाला, "गोळ्या पचंनात तिला." ती काहीच बोलली नाही. सासू चुलीकडे गेली तेव्हा हळूच म्हणाली, "मॅडम, लघवीतून रगत चाललंय. गोळीनं आतून काईतरी फाटलं म्हणून बंद केल्या."

रिफॅम्पिसिनने लघवी नारिंगी-लाल होते. घाम आणि डोळ्यांतलं पाणीसुद्धा रंगतं. गोळी चालू आहे तोवर ते राहतं, त्याने काही होत नाही. हे वाक्य पहिल्या दिवशी, पहिली गोळी देताना सांगायचं असतं. मी त्या दिवशी सुट्टीवर होते, दुसऱ्या कोणी तरी गोळ्या दिल्या आणि सांगायचं राहिलं. एका वाक्यापायी चार दिवस गोळ्या चुकल्या. तेव्हापासून मी पाकीट देण्याआधी पेशंटकडूनच वदवून घेते : लघवीला रंग आला तर काय? "गोळीचा रंग हाय, घाबरायचं न्हाई." डोळे पिवळे झाले, उलट्या थांबेनात, भूकच मेली तर मात्र गोळी थांबवून लगेच दवाखाना गाठायचा, कारण ते काविळीचं लक्षण असू शकतं. हा फरक पेशंटला कळला की तो स्वतःच्या उपचाराचा राखणदार होतो. आणि बायकांच्या बाबतीत आणखी एक, जे पुरुष सहकारी हमखास विसरतात : याच औषधामुळे माला-एनसारख्या गर्भनिरोधक गोळ्या नीट काम करत नाहीत. सिस्टरला सांगून दुसरी सोय करा, कॉपर-टी किंवा निरोध.

घरातल्या बाकीच्यांना विसरू नका. रुक्मिणचं धाकटं लेकरू तीन वर्षांचं होतं. पेशंटच्या घरात सगळ्यांची तपासणी करायची, आणि आजार नसेल तर प्रतिबंधक गोळ्या द्यायच्या. त्याला टीपीटी म्हणतात. निरोगी लेकराला गोळी का, हा प्रश्न येणारच. त्याचं उत्तर न कंटाळता द्यायचं.

मग पैसे. निक्षय पोषण योजनेत उपचार चालू असेपर्यंत पेशंटच्या खात्यात महिना ५०० रुपये यायचे, एप्रिल २०१८ पासून. नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले. नवीन मुलांना वाटतं, खात्याचा नंबर टाकणं हे कारकुनी काम. तसं नाही. झारखंडमधल्या चार जिल्ह्यांत झालेला एक मोठा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. पेशंटच्या घरातल्या माणसांना जादा धान्य आणि पोषण दिलं, तर त्यांना टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी आणि फुफ्फुसाच्या संसर्गजन्य टीबीचं ४८ टक्क्यांनी कमी झालं. म्हणजे अंडी-शेंगदाणे हेसुद्धा औषध आहे. खातं आधारला जोडलेलं नसलं, तर बँकेत पेशंटसोबत स्वतः जा. रुक्मिणचं खातं बंद पडलं होतं. दोन हेलपाटे झाले, तिसऱ्यांदा काम झालं.

ऑक्टोबरात तिची टोळी निघाली, सांगली भागात. या वेळी मी निक्षयवर ट्रान्सफर टाकून थांबले नाही. तिकडच्या एसटीएसला फोन केला. ओळख नव्हती, पण या कामात एकमेकांना नाही म्हणत नाहीत. त्याला कारखाना, गाव, मुकादम सगळं दिलं आणि तो कोपीवर पोचल्याचा फोन येईपर्यंत त्याला रोज आठवण करून दिली. वाटेत खंड नको म्हणून गोळ्या सोबत दिल्या, त्यावर बॉलपेनने तारखा घालून, कारण फडात वार कोणाच्या लक्षात राहत नाही. पहाटे चारला उसात जायचं तर गोळी कधी घ्यायची, हे आम्ही दोघींनी बसून ठरवलं : तोंड धुतल्यावर, चहाआधी. तिने गोळ्यांचा डबा कोपीच्या आडव्या बांबूला टांगला होता, पाऊस आणि लेकरं दोन्हींपासून वर. तो एसटीएस पोचला तेव्हा त्याने डब्याचा फोटो पाठवला. तारखांप्रमाणे गोळ्या बरोबर संपल्या होत्या.

संक्रांतीला ती दोन दिवस गावी आली तेव्हा वजनकाट्यावर उभी राहिली. एकोणचाळीस. सहा किलो वाढले होते. गोळ्यांची संख्या वजनाच्या पट्ट्यावर ठरते, म्हणून दोनच्या तीन झाल्या. ती हिरमुसली, "आजार वाढला का?" म्हणून. मी तिला काटा पुन्हा दाखवला. वजन दर महिन्याला घ्या आणि आकडा पेशंटला मोठ्याने सांगा. थुंकीचा रिपोर्ट त्याला दिसत नाही, काटा दिसतो.

घरी राहून, कष्ट करत, साधं जेवण जेवत टीबी बरा होतो का, अशी शंका एके काळी डॉक्टरांनाही होती. म्हणून तर मिरजेजवळ वानलेसवाडीसारख्या ठिकाणी सॅनिटोरियम, म्हणजे टीबी पेशंटना ठेवून घेणारी रुग्णालयं, होती. मद्रासला १९५० च्या दशकात पेशंटचे दोन गट करून पाहिलं, एक सॅनिटोरियममध्ये आणि एक स्वतःच्या घरी. १९५९ मध्ये निष्कर्ष आला की नियमित गोळ्या घेतल्या तर घरचे पेशंटही तितकेच बरे होतात. आपली सगळी नोकरी त्या 'नियमित' शब्दावर उभी आहे.

दाद न देणाऱ्या टीबीबद्दल थोडंच लिहिते, ते तुम्हाला प्रशिक्षणात सविस्तर मिळेल. जुन्या इंजेक्शनांनी माझ्या एका पेशंटचे कान गेले. पोलीस भरतीची तयारी करणारा मुलगा होता. टीबी बरा झाला, भरती राहिली. आता इंजेक्शन नाही. बेडाक्विलीन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन ही औषधं घेऊन बरेचसे पेशंट सहा महिन्यांत मोकळे होतात. मात्र लिनेझोलिड चालू असताना पायाला मुंग्या आणि नजर याबद्दल दर भेटीला विचारा. पेशंट आपणहून सांगत नाहीत.

उपचार संपले की नाव रजिस्टरमधून जातं, पण दर सहा महिन्यांनी, दोन वर्षं, विचारपूस करायची असते. रुक्मिणची पहिली विचारपूस पुढच्या दसऱ्याच्या तोंडावर आली. मी तिला फोन करायच्या आधी तीच केंद्रावर आली, टोळी निघायला चार दिवस असताना. अंगाने भरली होती, साडी नवी होती. सोबत डोक्यावर पदर घट्ट ओढलेली जाऊ होती, खोकला दाबत.

"मॅडम, हिची बी थुंकी बघा. तीन आठवडे झाले खोकतीय, घरात सांगंना. मीच आणली वढून," ती म्हणाली. मग जावेकडे वळून, मी तोंड उघडायच्या आत, "आणि लघवी लाल झाली तर भिऊ नको बरं का, ती गोळीच तशी हाय."

मी म्हटलं, आधी तपासू तर दे. आणि जावेच्या हातात दोन डब्या दिल्या, एक आत्ताची, एक उद्या पहाटेची.