सामासिक शब्द उसवून पाहताना

मुद्रितं तपासताना सामासिक शब्द आला की मी तो आधी उसवते. दोन तुकडे करायचे, प्रत्येकाची जात ओळखायची: नाम, विशेषण की धातू? मग जोडताना काय गळलं ते बघायचं. समासाचं नाव नंतर सापडलं तरी चालतं.

'खिसेकापू' घ्या. 'खिसा' या नामाचं 'खिसे' झालं, 'कापणे'मधला 'णे' गळून 'काप' उरला, त्याला 'ऊ' लागला. 'कापू' असं नाम सुटं वापरत नाहीत. जोडीतच त्याला 'कापणारा' हा अर्थ येतो. 'लाकूडतोड्या'मधल्या 'तोड्या'चंही तेच. 'वेळखाऊ'मध्ये नाम आणि धातू मिळून विशेषण होतं. याच साच्यात स्वतः शब्द घडवून बघा: जाड, ठसठशीत अक्षराला मी 'शाईखाऊ' म्हणते आणि ऐकणाऱ्याला ते लगेच कळतं.

माझा सर्वांत लाडका साचा दोन धातूंचा. धाव आणि पळ, धर आणि पकड, पड आणि झड. प्रत्यय दिसतच नाही, तरी धावपळ, धरपकड, पडझड अशी नामं तयार! आणि तिन्ही स्त्रीलिंगी.

विशेषण पुढे असेल तर त्याचा शेवट तपासा. 'पांढरपेशा'मध्ये 'पांढरा'चा काना गेला, म्हणून पुढे 'पांढरपेशांना' म्हणताना फक्त शेवट बदलतो. संख्याविशेषणंही आखडतात: दोनचा दु, तीनचा ति, चारचा चौ. दुपदरी, तिपदरी, चौपदरी. 'त्रिकोण', 'द्विदल' मात्र संस्कृतातून तयार आलेले.

'दार' नाम, पण 'दारोदार' क्रियाविशेषण. त्याला विभक्ती लावू नका.

लिहिताना पहिलं पद संस्कृतात ऱ्हस्वान्त असेल तर ते ऱ्हस्वच ठेवा. सुटा 'कवी' दीर्घ, पण 'कविमन'. 'पक्षी' संस्कृतात 'पक्षिन्', समासात त्यातला 'न्' गळून ऱ्हस्व 'पक्षि' उरतो, म्हणून 'पक्षिमित्र'. 'लक्ष्मी' मुळात दीर्घ, म्हणून 'लक्ष्मीपुत्र'.

एका पुस्तकात माझ्या नजरेतून 'पाणी पुरवठा' तुटक निसटला आणि तसाच छापला गेला. फार लागलं ते मनाला. तेव्हापासून शंका आली की दोन पदांच्या मध्ये विशेषण घालून बघते. 'पाणी अपुरा पुरवठा' म्हणता येत नाही, 'अपुरा पाणीपुरवठा' म्हणावं लागतं. मग शब्द जोडूनच लिहायचा.