भाड्याच्या घरातली ओसाड बाग आवरताय? या चुका टाळा

नागपुरात प्रतापनगर, त्रिमूर्तीनगर, मानेवाडा या भागांत भाड्याने मिळणाऱ्या स्वतंत्र घरांना पुढेमागे थोडी जागा असतेच. घर वर्षभर रिकामं राहिलं की तिथे गाजरगवत कमरेएवढं होतं, कंपाउंडच्या भिंतीला घाणेरी धरते आणि कोपऱ्यात आधीच्या भाडेकरूचा मोडका कूलर पडून राहतो. नवा भाडेकरू बहुधा मे महिन्यात, मुलांच्या शाळेचा हिशेब करून येतो. सामान लागलं की पुढच्या रविवारी नर्सरी गाठतो, आणि पैसा तिथेच बुडतो. माझं मत विचाराल तर रोपांवरचा खर्च सगळ्यात शेवटी करावा आणि सगळ्यात कमी करावा.

मे महिन्यात रोपं लावणं

नर्सरीतलं रोप हिरव्या नेटखाली वाढलेलं असतं. नवतप्यात, म्हणजे २५ मेनंतरच्या नऊ दिवसांत, पारा ४५ च्या आसपास फिरत असताना ते उघड्यावर लावलं, तर दोन वेळा पाणी देऊनही करपतं. आपल्याकडे पाऊस जूनच्या मध्यावर येतो. दोन चांगले पाऊस पडून जमीन निवली की मग लावा.

तोवर या उन्हालाच कामाला लावता येतं. वाफा साफ करून भरपूर पाणी द्या, त्यावर पातळ, पारदर्शक प्लास्टिक ताणून पसरा आणि कडा मातीने दाबून टाका. चार ते सहा आठवड्यांत वरच्या थरातलं बरंचसं तणाचं बी आणि बुरशी उष्णतेनेच मरते. प्लास्टिक पारदर्शकच हवं, काळ्याखाली माती तेवढी तापत नाही. नागपूरच्या उन्हाचा इतका स्वस्त उपयोग दुसरा मला तरी माहीत नाही.

घरमालकाला न विचारता कुऱ्हाड चालवणं

तुमच्या दृष्टीने ते वाळकं झुडूप असतं, काकूंसाठी ते सासूबाईंनी लावलेलं कागदी लिंबू असतं. ‘काका, मागची घाणेरी आणि गाजरगवत काढतो, लिंबाला हात लावत नाही, चालेल न?’ एवढं व्हॉट्सॲपवर विचारा आणि सोबत आधीचे फोटो टाका. डिपॉझिट परत घेताना तेच कामी येतात. मजुराची दिवसाची मजुरी भाड्यातून वळती करून द्यायला बरेच मालक तयार होतात, पण ते काम सुरू व्हायच्या आधी ठरवलं तरच. मोठं झाड तोडायचं असेल तर मालकाचा होकारही पुरत नाही. १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते.

गवत वरून छाटणं

सगळ्यात जास्त मेहनत इथे वाया जाते. विळ्याने किंवा ग्रास कटरने वरचं कापलं की आठवडाभर अंगण छान दिसतं. पण गाजरगवत बुडख्यातून पुन्हा फुटतं आणि या खेपेला बुटकं राहूनच फुलावर येतं. एक झाड हजारो बिया टाकतं. म्हणून ते फुलं येण्याआधी, जमीन ओली असताना, मुळासकट उपटायचं. कोरड्या जमिनीत ओढलं तर देठ तुटून हातात येतो. हातमोजे आणि पूर्ण बाह्या हव्यातच, कारण त्याने अंगाला खाज सुटते, दमेकऱ्याला तर जवळही फिरकू देऊ नये.

लव्हाळ्याची गोष्ट वेगळी आहे. पात ओढली की सुर्रकन निघते आणि आपल्याला वाटतं काम झालं. तिथेच खुरप्याने वीतभर उकरून पाहा. दोऱ्यासारख्या बारीक मुळावर ओळीने काळ्या गाठी दिसतील, काही तर शेंगदाण्याएवढ्या. खरा लव्हाळा तो. वरची पात गेली तरी गाठ पुन्हा फुटते, आणि वरच्या प्लास्टिकच्या उपायालाही ती सहसा दाद देत नाही. पहिल्या पावसानंतर सब्बलीने माती हलवून गाठी हाताने वेचा, फरशीवर कडक उन्हात वाळवा. खतात टाकू नका. एका हंगामात हा संपत नाही. घरात कोणी ‘मीठ टाक, मरून जाईल’ म्हणालं तर ऐकू नका, तण मरेल पण पुढे तिथे दुसरंही काही नीट येणार नाही.

आणखी एक. पालापाचोळा, विटा, तुटक्या कुंड्या यांच्या ढिगात थेट हात घालू नका. आधी लांब काठीने हलवा, पायात गमबूट घाला. नाग आणि घोणस आपल्या वस्त्यांमध्ये निघतात. साप दिसला तर काम थांबवून सर्पमित्राला फोन करा.

काळ्या मातीशी भांडणं

ही माती उन्हाळ्यात दगड होते, बोट जाईल एवढ्या भेगा पडतात आणि दिलेलं पाणी मुळांना न मिळता भेगांतून खाली निघून जातं. पावसात तिचाच चिखल होतो. ओल्या चिखलात खोदलं तर जी ढेकळं निघतात, ती वाळल्यावर हातोडीने फोडावी लागतात. शेतकरी वाफशाची, म्हणजे माती ना चिखल ना दगड अशी होण्याची, वाट पाहतो, तशी आपणही पाहायची. मूठभर माती दाबून गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरून टाका. फुटला तर खोदा, चपटा झाला तर थांबा.

माती मोकळी करायला घमेलंभर रेती मिसळण्याचा सल्ला बरेच जण देतात. एवढ्याशा रेतीने भारी माती हलकी होत नाही. कुजलेलं शेणखत आणि पालापाचोळा हाच उपाय. शहरातल्या गोठ्यांवर शेणखत स्वस्तात मिळतं, फक्त ते भुसभुशीत आणि बिनवासाचं आहे ना, हे पाहून घ्या. कच्च्या शेणाबरोबर वाळवी आणि हुमणी घरी येते.

पालापाचोळा जाळणं तर सोडाच. राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला ५,००० रुपये दंडाचा आदेश दिला आहे. शिवाय उद्या विकत घ्यायचं खत आपण आज फुंकून टाकतो.

वाळलं म्हणजे मेलं असं धरणं

मेमध्ये जास्वंद, बोगनवेल काड्यांसारखी दिसतात. फांदीची साल नखाने हलकेच खरवडा. आत हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे. खाली बुंध्याशीही तपकिरी, कोरडं निघालं तरच उपटा. मात्र जिवंत आहे म्हणून लगेच छाटायला धावू नका. छाटणीने उघडी पडलेली साल उन्हात भाजते, तेव्हा पाऊस लागेपर्यंत धीर धरा. मोगऱ्याची छाटणी तर थंडीतच करायची.

फुकट मिळणाऱ्या रोपांसाठी पैसे देणं

पावसाळा लागला की जास्वंदीच्या आणि शेवग्याच्या फांद्या, गवती चहाचे कोंब, कढीपत्त्याच्या बुडाशी आलेली पिल्लं, असं सगळं शेजाऱ्यांकडे मिळतं. सदाफुली तर भिंतीच्या फटीतही उगवते. काटोल-हिंगण्याकडे ओळखीचं कोणी असेल तर तुराट्या मागा. त्यांच्या मांडवावर दोडका आणि कारलं चढवलं की उघडीबोडकी भिंत श्रावणापर्यंत झाकली जाते. महागडी रोपं घ्यायचीच असतील तर कुंडीत ठेवा, करार संपला की सोबत नेता येतात.

लावल्यानंतरच्या तक्रारी

पानं पिवळी, पण शिरा हिरव्या: हे लोहाच्या कमतरतेचं लक्षण. लोक इथे पाणी वाढवतात आणि मुळं सडवतात. आपली माती चुनखडीची, तिच्यात लोह असूनही झाडाला घेता येत नाही. लिंबू आणि जास्वंदीवर हे आधी दिसतं. लिटरभर पाण्यात ५ ग्रॅमपेक्षा जास्त नाही एवढं हिराकस (फेरस सल्फेट) विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारा. फरशीवर सांडू देऊ नका, त्याचे तांबूस डाग निघत नाहीत आणि फरशी मालकाची आहे.

जास्वंदीच्या शेंड्यावर पांढरा कापूस: हा पिठ्या ढेकूण. शेंडा कापून साबणाच्या पाण्यात बुडवा, उरलेल्या झाडावर पाण्याचा जोरदार फवारा मारा. खोडावर मुंग्यांची रांग असेल तर तिचाही बंदोबस्त करा, नाहीतर त्या त्याला पुन्हा वर नेऊन बसवतात.

संध्याकाळी डासांचा त्रास: आधी झुडपांवर औषध मारू नका, तो मोडका कूलर बघा. डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. पावसाळ्यात दर आठवड्याला कूलरची टाकी, कुंड्यांखालच्या ताटल्या आणि गच्चीवरचे जुने टायर उलटे करून कोरडे करा. कूलर भंगारवाल्याला द्यायचा असेल तर तोही मालकाला विचारूनच.