"बायबलचा पुरावा सापडला" असा फॉरवर्ड आला तर काय बघायचं

नाताळ जवळ आला की गोव्यातल्या ग्रुपांवर असले मेसेज फिरायला लागतात. पुढे पाठवायच्या आधी एकच शोधा, वस्तू जमिनीतून कुणी काढली आणि मातीच्या कुठल्या थरातून (खालचा थर सहसा वरच्यापेक्षा जुना). ती किती जुनी, कुणाची, हे नंतर.

उत्तर इस्रायलमधलं तेल दान हे खोदकामाचं ठिकाण घ्या. १९९३ मध्ये अव्राहाम बिरान यांच्या टीमला खोदताना तिथल्या एका भिंतीत बसाल्टचा तुकडा मिळाला, पुढच्या वर्षी आणखी दोन, आणि त्यावर अरामी भाषेत "दावीदाचं घराणं" असं कोरलेलं, दावीद म्हणजे बायबलमधला इस्रायलचा राजा. कुणीतरी जुना शिलालेख फोडून दगड बांधकामात वापरले होते, आणि वरचा पडझडीचा थर अश्शूरी (असिरियन) स्वारीचा, म्हणजे इ.स.पू. ७३२ च्या आसपासचा, त्यामुळे लेख त्याच्या आधीचाच हे पक्कं झालं. शिवाय तो शत्रूराजाचा लेख, त्याला दावीदाचं कौतुक करायची काय गरज! मला हा सगळ्यात भक्कम पुरावा वाटतो.

आता २००२ ची ती अस्थिपेटी बघा, "याकोब, योसेफाचा मुलगा, येशूचा भाऊ" असं कोरलेली. जगभर हेडलाइन झाली, पण ती आली एका संग्राहकाकडून, खोदकामातून नाही, त्यामुळे थरच नाही. इस्रायलच्या पुरातत्त्व खात्याने लेख बनावट ठरवला, खटला चालला, २०१२ मध्ये मालक बनावटगिरीच्या आरोपातून सुटला, तरी कोर्टाने सांगितलं की यावरून लेख खरा असं सिद्ध होत नाही.

मग दावा किती मोठा ते बघा. इस्रायलमधल्या कैसरियात १९६१ मध्ये पिलाताचं, म्हणजे बायबलप्रमाणे येशूला क्रूसाची शिक्षा देणाऱ्या रोमन अधिकाऱ्याचं, नाव असलेला दगड मिळाला, त्यावरून पिलात यहूदियाचा अधिकारी होता एवढंच कळतं, येशूच्या खटल्याबद्दल त्यात काही नाही. यहोशवाने यरीहो शहर घेतलं तेव्हा त्याच्या भिंती कोसळल्या असं बायबल सांगतं. यरीहोत भिंती आहेतच, पण पुरातत्त्वज्ञ कॅथलीन केन्यन यांनी १९५० च्या दशकात खोदलं तेव्हा त्या यहोशवाच्या मानल्या जाणाऱ्या काळाच्या खूप आधीच्या निघाल्या.

सराव करायचा तर जुन्या गोव्यात सेंट ऑगस्टीनच्या पडक्या मठात जा. जॉर्जियाची राणी केतेवान १६२४ मध्ये शिराझला मारली गेली, तिचे अवशेष इथे कुठल्या खिडकीशी ठेवले ते पोर्तुगीज कागदांत लिहिलेलं, आणि पुरातत्त्व खात्याला त्याच भागात हाड मिळालं. २०१३ मध्ये हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी डीएनए जाहीर केला, त्यातला आईकडचा वंश तपासलेल्या भारतीयांत कुठेच नाही पण जॉर्जियात आहे. राणीचं नाव मात्र डीएनएमध्ये नसतं, ते कागद आणि जागा जुळल्यामुळेच लावता आलं.