वारंवार मुरडा, वारंवार ‘आवेची’ गोळी : आयबीएसमध्ये या चुका टाळा

पोटात मुरडा आला, दोन-तीनदा जावं लागलं की मेडिकलमधून मेट्रोनिडॅझोल, म्हणजे ‘आवेची’ जंतू मारणारी गोळी, आणायचं, ही सगळ्यांत मोठी चूक. आयबीएस म्हणजे इरिटेबल बाउल सिंड्रोम, वारंवार पोट दुखून शौचाची तक्रार राहणारा आतड्याचा त्रास; त्यात मारायला जंतू नसतोच. आतड्याच्या नसा हळव्या झालेल्या असतात. एरवी जाणवणारही नाही एवढा गॅस दुखतो. शौचाच्या रिपोर्टमध्ये ‘सिस्ट’ (अमीबा या जंतूचं कवचातलं रूप) आली म्हणूनही लगेच कोर्स नको, कारण निरुपद्रवी अमीबाची सिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली हुबेहूब आव करणाऱ्या अमीबासारखीच दिसते. गोळ्यांनी आतड्यातले उपयोगी जिवाणू मात्र मरतात.

त्रासाची सुरुवात बरेचदा पावसाळ्यातल्या गढूळ पाण्याने झालेल्या जोरदार हगवणीत असते. संसर्ग जातो, पण साधारण 10 पैकी एकाचं आतडं पूर्वपदावर येत नाही. म्हणून विहिरीचं पाणी उकळूनच प्या.

दुसरी चूक पथ्याची. तिखट सोडतात, पण कांदा, लसूण, चून (बेसन), तुरीचं वरण, पोळी तशीच चालू. यातली काही कर्बोदकं लहान आतड्यात शोषली जात नाहीत, मोठ्या आतड्यात आंबतात आणि गॅस धरतो. दुधाचंही अनेकांना तसंच होतं. हे पदार्थ 4 आठवडे कमी करा, मग एकेक करून 3-3 दिवस खाऊन पाहा. जो सोसतो तो परत सुरू करा. सगळंच कायमचं सोडलं तर अंगात ताकद राहणार नाही. ज्वारीची भाकर बहुतेकांना चालते. तूर रात्रभर भिजवून ते पाणी फेका. लसूण अख्खा तेलात तळून पाकळ्या काढून टाका: त्रास देणारा भाग तेलात उतरत नाही, वास उतरतो.

कापूस वेचणीच्या दिवसांत सकाळी चहा-खर्रा (तंबाखू-सुपारी), दिवसभर वावरात उपाशी, रात्री भरपेट, हेही नको. चहा आणि तंबाखू आतड्याला ढकलतात, एकदम भरलेलं पोट आणखी ढकलतं. कोंड्याऐवजी इसबगोल घ्या; 1 चमचा, पूर्ण ग्लासभर पाण्यासोबत.

कर्जाच्या, नापिकीच्या काळजीने दुखणं वाढतं, तेव्हा घरच्यांनी ‘मनाचे खेळ’ म्हणू नये. मेंदू आणि आतडं नसांनी जोडलेले आहेत; दुखणं खरं असतं.

शौचातून रक्त, वजन घटणं, ताप, झोपेतून उठवणारे जुलाब, अंगात रक्त कमी होणं, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास, यांपैकी काहीही असेल तर आयबीएस समजून घरी थांबू नका. ग्रामीण रुग्णालयात दाखवा.